भर उन्हात फिल फ्लॅश: तिघांचेच चेहरे उजळले, बाकीचे सहा अंधारात का राहिले?

पडवीतला_उजेड (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

वडिलांचा पेंटॅक्स के१००० हा कॅमेरा आणि त्याची ५० मिमी एफ/२ लेन्स गेली दोन वर्षे मी वापरतो आहे. शटर आणि ॲपर्चर यांचा मेळ आता बऱ्यापैकी जमतो, पण उन्हात फ्लॅश वापरताना झालेला एक गोंधळ काही केल्या उलगडत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी भाच्याची मुंज होती. विधी आटोपल्यावर अंगणातल्या तुळशीवृंदावनासमोर घरातल्या नऊ जणांना दोन रांगांत बसवून मी फोटो काढला. दुपारचे साडेबारा वाजले होते, आकाश निरभ्र होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्याभोर दिसत होत्या, म्हणून त्या सावल्या भरून काढायला (फिल फ्लॅश) कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला मीटरमध्ये २८ आहे आणि तो मी मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीला ठेवला होता. कॅमेऱ्यात आयएसओ ४०० चा रंगीत निगेटिव्ह रोल होता आणि मी सुमारे साडेचार मीटरवर उभा होतो. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापक मीटरने सांगितल्याप्रमाणे पहिला फोटो १/२५० आणि एफ/२२ वर घेतला.

रोल धुऊन आल्यावर दिसले ते असे: आत्याच्या बाजूला बसलेल्या तिघांचे डोळे स्वच्छ दिसतात, बुबुळात चमकेचा ठिपका आहे, आत्याच्या नथीची ओठावर पडलेली सावलीसुद्धा पुसट झाली आहे. मात्र मधोमध बसलेली आजी आणि तिच्या पलीकडचे सगळे जण फ्लॅश लागलाच नसावा असे दिसतात. पार्श्वभूमी मात्र दोन्ही बाजूंना सारखीच उजळ आहे. लॅबमध्ये विचारले तर रोल जुना असेल किंवा फ्लॅशची काच एका बाजूने काळवंडली असेल, असे उत्तर मिळाले. काच मी नीट पाहिली आहे, ती स्वच्छ आहे.

याच रोलवर दुसरा फोटो मी फ्लॅशच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे १/६० वर घेतला होता, ॲपर्चर एफ/२२ च ठेवले होते. त्यात सगळे सारखे दिसतात, पण फोटो फिकट आहे आणि फ्लॅशचा परिणाम कोणाच्याच चेहऱ्यावर जाणवत नाही. दोन्ही वेळा फ्लॅश पेटला होता, हे समोर बसलेल्या सगळ्यांनी सांगितले.

येत्या मे महिन्यात आजीचे सहस्रचंद्रदर्शन आहे. फोटो त्याच जागी, बहुधा त्याच वेळेला घ्यावा लागेल, कारण वृंदावनासमोर बसण्याचा आजीचा आग्रह आहे. आजोबांचा त्याच जागेचा फोटो वडिलांनी याच कॅमेऱ्यावर घेतला होता, म्हणून मलाही तो फिल्मवरच हवा आहे. माझे नेमके काय चुकले आणि मे महिन्यात काय करावे, हे कृपया सांगावे.


पडदा_शटर

आपण जे पाहिले ते इतके नेमके लिहिले आहे की निदान करणे सोपे गेले. रोलही चांगला आहे आणि फ्लॅशही. पहिला फोटो कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपलीकडे, म्हणजे ज्या कमाल शटरवेगापर्यंत फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो त्याच्या पुढे, घेतला गेला आहे.

के१००० मध्ये कापडी पडद्यांचे फोकल प्लेन शटर आहे. फिल्मच्या अगदी पुढ्यात दोन पडदे असतात. पहिला पडदा आडवा सरकत फिल्म उघडी करतो आणि दुसरा त्याच्यामागून सरकत ती झाकतो. १/६० या वेगाला पहिला पडदा पलीकडच्या टोकाला पोहोचतो तेव्हा दुसरा अजून निघालेलाच नसतो, त्यामुळे एक क्षण असा येतो की पूर्ण फ्रेम उघडी असते. कॅमेऱ्यातला फ्लॅश पेटवणारा विजेचा संपर्क (एक्स संपर्क) जुळून फ्लॅश पेटतो तो नेमका त्याच क्षणी. वेग याहून वाढवला की पडदे काही अधिक वेगाने पळत नाहीत, तर दुसरा पडदा लवकर निघतो आणि दोघांमध्ये केवळ एक फट उरते. १/२५० ला ही फट साधारण एक तृतीयांश फ्रेमएवढी असते. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, म्हणून तेवढ्या वेळात फट जिथे असेल तेवढ्याच पट्ट्यावर त्याचा प्रकाश पडतो. नऊ जणांपैकी तिघे उजळले, याचा हिशेब असा तंतोतंत जुळतो.

सिंक चुकले की फोटोत काळा पट्टा येतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि त्यामुळेच बरेच जण अशा फोटोने गोंधळतात. काळा पट्टा येतो तो अंधाऱ्या खोलीत, जिथे फ्लॅशशिवाय दुसरा प्रकाश नसतो. उन्हात सूर्यप्रकाश सरकत्या फटीतून पूर्ण फ्रेमवर व्यवस्थित पोहोचतोच, फक्त फ्लॅशची भर एका पट्ट्यापुरती पडते. त्यामुळे पार्श्वभूमी सलग आणि सारखी दिसते, आणि दोष लक्षात येतो तो माणसांच्या डोळ्यांत.

खात्री करून घ्यायची असल्यास रोल संपल्यावर मागचे झाकण उघडावे, लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी ठेवावी, कॅमेरा जरा अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीकडे रोखावा आणि डोळा मागच्या चौकटीशी आणून फ्लॅशसह शटर दाबावे. १/६० ला पूर्ण आयताकृती चौकट लख्ख दिसेल, १/१२५ ला तिचा काही भाग झाकलेला दिसेल आणि १/२५० ला एका कडेला उजेडाची उभी चिरफळी तेवढी दिसेल. ती चिरफळी म्हणजेच आपल्या फोटोतली आत्याची बाजू.

दुसऱ्या फोटोचे कारण वेगळे आहे. शटर १/२५० वरून १/६० वर आणल्याने सूर्याचा प्रकाश दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे चौपट वाढला, पण फ्लॅशचा प्रकाश तेवढाच राहिला, कारण फ्लॅशवर शटरच्या वेगाचा परिणाम होत नाही, ॲपर्चरचा होतो. निगेटिव्हने दोन स्टॉपचे ओव्हरएक्स्पोजर निभावून नेले म्हणून फोटो निदान फिकट तरी आला, पण चौपट झालेल्या उन्हापुढे साडेचार मीटरवरून येणारा फ्लॅश बुडून गेला.


सायनोटाइप

वरचे निदान योग्यच आहे. त्यात एक व्यावहारिक भर घालतो. ४०० चा रोल भर उन्हात १/६० वर वापरायचा तर ॲपर्चर एफ/४५ लागेल आणि ते आपल्या लेन्सवर नाही, ती एफ/२२ ला थांबते. म्हणून मे महिन्यात १०० चा रोल घालावा, म्हणजे १/६० आणि एफ/२२ हे एक्स्पोजर बरोबर बसेल. मंद, म्हणजे कमी संवेदनशील फिल्ममुळे फ्लॅशलाही उन्हाशी टक्कर देणे सोपे जाईल. फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी ठेवावा, असा माझा अनुभव आहे.


पडदा_शटर

१०० चा रोल घालावा, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण मंद फिल्ममुळे फ्लॅशचे बळ वाढते, हे मात्र खरे नाही. अनेक अनुभवी छायाचित्रकारही असे मानतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

फिल्म दोन स्टॉपने मंद झाली की ऊन आणि फ्लॅश या दोघांनाही ती सारखीच मंद होते. एनडी फिल्टर (लेन्सवरची प्रकाश कमी करणारी करडी काच) लावला तर तोही दोघांना सारखाच झाकतो. ऊन बरोबर एक्स्पोज करायचे असे एकदा ठरले की ठरलेल्या अंतरावरून ठरलेला फ्लॅश उन्हाच्या किती मागे राहील, हे फक्त शटरच्या वेगावर अवलंबून असते, कारण शटर उन्हाला कापते आणि फ्लॅशला कापत नाही. मंद फिल्मने साधते ते इतकेच की सिंक स्पीडला लागणारे ॲपर्चर लेन्सवर उपलब्ध होते.

आता आपल्याच आकड्यांवर हिशेब करून पाहू. भर उन्हात आयएसओ १०० ला १/६० आणि एफ/२२, १/१२५ आणि एफ/१६, १/२५० आणि एफ/११, तसेच १/५०० आणि एफ/८ ही सगळी एकाच एक्स्पोजरची रूपे आहेत. गाइड नंबरला ॲपर्चरने भागले की फ्लॅश उन्हाच्या बरोबरीने पडेल ते अंतर मिळते. २८ ला २२ ने भागले तर सव्वा मीटरच्या किंचित पुढे, म्हणजे के१००० वर आपला फ्लॅश उन्हाची बरोबरी करतो ती हाताच्या अंतरावर. अंतर दुप्पट झाले की प्रकाश दोन स्टॉपने घटतो, म्हणून अडीच मीटरवर तो उन्हाच्या दोन स्टॉप मागे असेल आणि साडेचार मीटरवर साडेतीन स्टॉपहूनही मागे. एवढा मागे पडलेला फ्लॅश निगेटिव्हवर जवळजवळ दिसतच नाही.

त्याच जागी उभे राहून हाच फ्लॅश १/२५० सिंकच्या कॅमेऱ्यावर लावला, उदाहरणार्थ निकॉनच्या एफई२ वर किंवा एफएम२ च्या १९८४ नंतरच्या आवृत्तीवर, तर तो दीड ते पावणेदोन स्टॉप मागे राहतो, आणि फिल फ्लॅशला नेमके तेवढेच हवे असते. त्या कॅमेऱ्यांचे पडदे धातूचे असून वरून खाली सरकतात, फ्रेमची कमी उंची त्यांना पार करायची असते, म्हणून त्यांना हा वेग साधतो. के१०००, कॅननचा एई-१, ऑलिंपसचा ओएम-१ हे आडव्या कापडी पडद्यांचे कॅमेरे मात्र १/६० लाच थांबतात.

म्हणून स्पष्टच सांगतो, रागावू नये. के१००० वर एकट्या आजीचा किंवा आजी आणि नातवाचा फोटो अडीच मीटरवरून सुरेख येईल. नऊ जणांचा समूह साडेचार मीटरवरून, मे महिन्याच्या मध्यान्ही, या फ्लॅशने उजळणार नाही. फ्लॅश लांब तारेने कॅमेऱ्यापासून वेगळा करून कोणाच्या तरी हातात तीन मीटरवर दिला, तर तो अडीच स्टॉप मागे राहील आणि थोडाफार उपयोग होईल. त्याहून जवळ नेला तर त्याचा झोत कडेच्या माणसांपर्यंत पोहोचणार नाही.


सायनोटाइप

फिल्मबद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे कागदावर आकडे मांडून पाहिल्यावर पटले. मी आजवर १०० चा रोल नेहमी जवळून घेतलेल्या चेहऱ्यांसाठी वापरत आलो आणि श्रेय फिल्मला देत राहिलो. श्रेय खरे तर अंतराचे होते.

फ्लॅश उन्हाच्या एक स्टॉप मागे ठेवावा की दोन, याबद्दल आपले मत काय?


पडदा_शटर

माझे मत दोन स्टॉपकडे झुकते, त्याचे कारण सांगतो. समजा निरभ्र दुपारी डोळ्यांच्या खोबणीत उन्हाच्या एक अष्टमांश प्रकाश आहे, म्हणजे ती तीन स्टॉप काळी आहे. फ्लॅश दोन स्टॉप मागे ठेवून एक चतुर्थांशाची भर घातली की सावली तीन अष्टमांश होते आणि ऊन सव्वापट. त्यांचे प्रमाण साधारण सव्वातीनास एक असे येते. सावली राहते, चेहऱ्याला गोलाई राहते आणि डोळेही दिसतात. फ्लॅश एकच स्टॉप मागे ठेवला तर प्रमाण अडीचाच्याही खाली येते आणि माणसे पार्श्वभूमीवर कापून चिकटवल्यासारखी दिसू लागतात, विशेषतः फ्लॅश लेन्सच्या अगदी वर असेल तेव्हा. शिवाय जिथे ऊन आणि फ्लॅश दोन्ही पडतात त्या कपाळावर आणि पांढऱ्या कपड्यांवर अर्ध्या स्टॉपहून अधिक भर पडते. निगेटिव्हला ती खपते, स्लाइड फिल्मला खपत नाही. एक स्टॉपची बाजू मी घेईन ती सूर्य माणसांच्या पाठीशी असताना, कारण तेव्हा पूर्ण चेहराच सावलीत असतो.


बारा_फ्रेम

नमस्कार मंडळी. चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात १९७८ पासून मी स्टुडिओ चालवला आणि वीसेक वर्षे लग्नाचे सगळे काम यशिका मॅट १२४जी या जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यावर केले. आमच्याकडे लग्ने उन्हाळ्यात, मुहूर्त बहुधा दुपारचा, आणि मंडपातून बाहेर आलेल्या वधूवरांचा फोटो उन्हातच घ्यायचा. भर उन्हातला फ्लॅश म्हणजे आमची रोजची भाकरी होती.

दुपारच्या उन्हात नवरीचा चेहरा जवळून पाहिला की हा विषय कळतो. मुंडावळ्यांच्या सरी गालांवर काळ्या रेघा ओढतात. नथीची सावली वरच्या ओठावर अशी पडते की कागदावर ती मिशीसारखी दिसते. नवऱ्या मुलाच्या फेट्याखाली तर भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत नुसता काळोख असतो. पुढे रीटचिंग करून हे निघत नसे, ते फोटो काढतानाच काढावे लागे.

परदेशी पुस्तकांतला सल्ला इथे अपुरा पडतो, त्यालाही कारण आहे. वरच्या अक्षांशांवर भर दुपारीसुद्धा सूर्य बराच कललेला असतो, त्याचा उजेड थोडा तरी भुवयांखाली शिरतो. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास पुण्या-मुंबईकडे आणि कोकणात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. त्या दिवसांत माणसाला कोणत्याही दिशेला तोंड करून बसवले तरी डोळ्यांत उजेड येत नाही. आपल्या आजीचा सोहळा नेमका त्याच महिन्यात आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता कॅमेऱ्याविषयी. यशिका मॅटमध्ये लीफ शटर आहे. त्याच्या पोलादी पाकळ्या लेन्सच्या आतच मध्यापासून बाहेर उघडतात आणि पुन्हा मिटतात, त्यामुळे कोणत्याही वेगाला एक क्षण लेन्स पूर्ण उघडी असते आणि फ्लॅश १/५०० पर्यंत कुठेही जुळतो. वरच्या हिशेबात १/५०० आणि एफ/८ ची जोडी आलेली आहे. २८ ला ८ ने भागले की साडेतीन मीटर येतात. म्हणजे पेंटॅक्सवर सव्वा मीटरवर दमणारा तोच फ्लॅश इथे साडेतीन मीटरवर उन्हाशी बरोबरी करतो, आणि साडेचार मीटरवर तो पाऊण स्टॉपच मागे राहतो. रोलायफ्लेक्स, हॅसेलब्लाडचे ५०० मालिकेतले कॅमेरे, कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ यांनाही हीच सोय आहे. गावोगावच्या स्टुडिओंत जुळ्या लेन्सचे कॅमेरे इतकी वर्षे टिकले, त्यामागे मोठ्या निगेटिव्हइतकेच हेही एक कारण होते असे मी मानतो.

कॅमेरा बदलणे शक्य नसेल तर आणखी एक उपाय सांगतो. एक धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर समूहाच्या पुढे, फ्रेमच्या अगदी खाली जमिनीवर अंथरावी. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्या कापडावरून उसळलेला उजेड थेट भुवयांखाली आणि हनुवटीखाली शिरतो. शेणाने सारवलेले अंगण काळपट असते, ते उजेड पिऊन टाकते, त्यामुळे कापडाने पडणारा फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. फ्लॅश असो वा नसो, दुपारी मी हे कापड नेहमी अंथरत असे. फक्त ते फार जवळ घेऊ नये, नाहीतर समोरच्या रांगेतल्यांचे डोळे दिपतात आणि म्हातारी माणसे डोळे किलकिले करतात.


पडवीतला_उजेड

सर्वांचे मनापासून आभार. काल झाकण उघडून भिंतीसमोर प्रयोग केला. १/२५० ला उजेडाची उभी चिरफळी अगदी सांगितल्यासारखी दिसली.

बारा_फ्रेम काका, आपला लेख वाचून मामांना फोन केला. त्यांच्या कपाटात यशिका मॅट १२४जी आहे आणि मेच्या कार्यक्रमाला ते तो आणणार आहेत. लेन्समध्ये बुरशी नाही, शटर उघडमीट करते, पण मीटर बंद आहे. मीटरशिवाय हे काम होईल का? फ्लॅशची ताकद पाऊण स्टॉप मागे म्हणजे आजीसाठी जास्त होईल असे वरच्या चर्चेवरून वाटते. आणि फ्लॅशवर ऑटोची सोय आहे, ती वापरावी की मॅन्युअलच ठेवावे?


बारा_फ्रेम

मामांनी कॅमेरा जपून ठेवला याचा आनंद वाटला. मीटरची चिंता करू नये. त्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनतही नाही, आणि मे महिन्याच्या निरभ्र दुपारी मीटरने वेगळे काही सांगितलेही नसते. आयएसओ १०० ची फिल्म, १/५००, एफ/८. जुन्या कॅमेऱ्यात १/५०० प्रत्यक्षात थोडा मंद भरतो, पण निगेटिव्हला त्याने अपाय होत नाही. उलट सावल्यांना थोडा फायदाच होतो. कोडॅक एक्टार १०० ही फिल्म या कॅमेऱ्याला लागणाऱ्या १२० आकारात मिळते. कृष्णधवल हवी असेल तर इलफर्ड एफपी४ प्लस घ्यावी, तिचा वेग १२५ आहे आणि याच आकड्यांवर ती चालून जाते.

१/५०० हा वेग हँडल फिरवून शटर ताणण्याच्या आधी लावावा, ताणल्यावर जोर लावून तबकडी फिरवू नये. त्या कॅमेऱ्याच्या शूमध्ये (फ्लॅश अडकवायच्या खाचेत) विजेचा संपर्क नाही, म्हणून सिंकची तार लागेल. ती आधीच मिळवून ठेवावी, कारण आता ती सहज मिळत नाही आणि ऐनवेळी तुटते तीच. काही जुन्या जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांवर एम आणि एक्स अशी कळ असते. मामांकडून दुसरा एखादा कॅमेरा हाती आला तर ती एक्सवरच असल्याची खात्री करावी. एम ही खूण काचेच्या बल्बांसाठी होती. बल्ब पूर्ण पेटायला वेळ लागतो, म्हणून त्यात शटर मुद्दाम उशिरा उघडते आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याआधीच विझून जातो.

ताकदीबद्दल आपला अंदाज बरोबर आहे. फ्लॅशच्या काचेवर पांढऱ्या सुती रुमालाची एक घडी, म्हणजे एकेरी कापड, रबरबँडने बांधावी. त्याने साधारण एक स्टॉप कमी होतो आणि फ्लॅश पावणेदोन स्टॉप मागे जातो. आजीला तेवढाच शोभेल. ऑटो वापरू नये. फ्लॅशचा डोळा मधल्या भागाकडे पाहतो आणि तिथे पांढरे सदरे किंवा फिकट लुगडी आली की तो लवकर विझतो. एकट्या माणसाचा फोटो ऑटोवर घ्यायचाच झाला तर फ्लॅशवर लेन्सपेक्षा दोन स्टॉप मोठ्या ॲपर्चरची ऑटो जागा निवडावी, लेन्सवर एफ/८ असेल तर एफ/४ ची, म्हणजे तो दोन स्टॉप कमी प्रकाश देईल.

तयारीचा दिवा लागल्यावर लगेच फोटो घेऊ नये. तो दिवा फ्लॅश पूर्ण भरण्याआधीच लागतो, म्हणून आणखी दहा सेकंद मनात मोजावीत. फ्लॅश वर्षभर पडून असेल तर आदल्या दिवशी तो चालू करून दहा-पंधरा वेळा पूर्ण भरून सोडावा, आतला कपॅसिटर पुन्हा ताळ्यावर येतो. आणि तो जुना फ्लॅश कोणाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू देऊ नये. व्हिव्हिटार २८३ च्या सुरुवातीच्या फ्लॅशांत सिंकच्या टोकांवर २०० व्होल्टांहून अधिक दाब असतो. पेंटॅक्सच्या आणि यशिकाच्या यांत्रिक संपर्काला तो चालतो, नव्या कॅमेऱ्याचे सर्किट त्याने जळू शकते.

मेच्या आधी एक रोल त्याच अंगणात वाया घालवावा. तिथे कोणालाही बसवून रुमालाशिवाय दोन, एकेरी रुमालाने दोन, दुहेरी रुमालाने दोन आणि फ्लॅशविना पण धोतर अंथरून दोन असे फोटो घ्यावेत आणि कोणता कसा घेतला ते वहीत लिहून ठेवावे. उरलेल्या चार फ्रेम आजीच्या घ्याव्यात, सोहळ्याच्या गर्दीत तिला निवांत बसायला मिळणार नाही.


पडवीतला_उजेड

काका, रोल मागवला आहे आणि तार मामांच्या पेटीतच सापडली. येत्या रविवारी गावी जात आहे. निगेटिव्ह धुऊन आल्या की रुमालाच्या तिन्ही फ्रेम इथे शेजारी शेजारी लावून दाखवतो.